छप्पर नसलेल्या घरासाठी सौर वीज : न्यू जर्सीतील ‘कम्युनिटी सोलर’चा अनुभव

एडिसनमधल्या ज्या दुमजली संकुलात आम्ही भाड्याने राहतो, त्याचे छप्पर मालक कंपनीच्या ताब्यात आहे, आमच्या बाल्कनीचे तोंड उत्तरेला आहे आणि समोर ओकच्या जुन्या झाडांची रांग आहे. त्यामुळे स्वतःच्या घरावर सौर पॅनल बसवण्याचा विचार आम्हाला कधी करताच आला नाही. तरीही २०२४ च्या वसंत ऋतूपासून आमच्या विजेच्या बिलातली बरीचशी रक्कम सौर विजेतून वळती होत आहे. ही वीज आमच्या घरापासून काही मैलांवर, टर्नपाइक या टोल महामार्गालगतच्या एका प्रचंड गोदामाच्या सपाट छपरावर तयार होते आणि त्या प्रकल्पातला चार किलोवॉटचा वाटा आमच्या नावावर आहे. इथे या व्यवस्थेला ‘कम्युनिटी सोलर’ म्हणतात. आमच्या ओळखीच्या अनेक मराठी कुटुंबांनी तिच्याविषयी ऐकलेले असते, काहींच्या दारावर विक्रेतेही येऊन गेलेले असतात, परंतु नेमके पैसे कसे वाचतात आणि किती वाचतात हे सांगणारे कोणी भेटत नाही. म्हणून पहिल्या पूर्ण वर्षाचा, म्हणजे एप्रिल २०२४ ते मार्च २०२५ या काळाचा हिशेब समोर ठेवून मी हे परीक्षण लिहीत आहे.

आधी व्यवस्था समजून घेऊ, कारण बहुतेक गैरसमज तिथूनच सुरू होतात. गोदामाच्या छपरावर तयार झालेली वीज आमच्या स्वयंपाकघरात येत नाही. ती वितरण कंपनीच्या स्थानिक जाळ्यात जाते आणि जवळच्या कोणत्याही घरात, दुकानात वा कारखान्यात वापरली जाते. आमच्या घरचा मीटर पूर्वीप्रमाणेच सगळा वापर मोजतो. प्रकल्पाचा स्वतंत्र मीटर महिन्याभरात तयार झालेली युनिटे मोजतो, त्या युनिटांची वाटणी वाटेकऱ्यांमध्ये त्यांच्या वाट्याच्या प्रमाणात होते आणि आमच्या हिश्शाच्या युनिटांची किंमत वितरण कंपनी आमच्या बिलात जमा करते. या जमा रकमेलाच इथे ‘क्रेडिट’ म्हणतात. त्यानंतर प्रकल्प चालवणारी कंपनी आमच्याकडून त्या क्रेडिटच्या ८५ टक्के रक्कम घेते. उरलेले १५ टक्के आमचे. घरात एकही तार बदलत नाही, कोणी माणूस येत नाही, सुरुवातीला एक डॉलरही गुंतवावा लागत नाही आणि गोदामावरचे पॅनल वादळात मोडले तर दुरुस्तीचा खर्च आमच्याकडे येत नाही. पॅनल आमच्या मालकीचे नाहीत, आम्ही केवळ त्यांच्या उत्पादनाचे वर्गणीदार आहोत. ‘आमचे पॅनल’ असे म्हणण्याचा मोह मलाही होतो, पण करारात मालकीचा शब्द कुठेही नाही, हे सही करण्याआधी प्रत्येकाने स्वतः वाचून घ्यावे.

अमेरिकेत ही कल्पना नवी राहिलेली नाही. वॉशिंग्टन राज्यातील एलन्सबर्ग या छोट्या गावाने २००६ मध्ये नागरिकांच्या वर्गणीतून असा सौर प्रकल्प उभारला. मॅसॅच्युसेट्सने २००८ च्या कायद्याने एका ठिकाणी तयार झालेल्या विजेचे क्रेडिट दुसऱ्या ठिकाणच्या बिलात देण्याची वाट मोकळी केली, कोलोरॅडोने २०१० मध्ये आणि मिनेसोटाने २०१३ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कायदे केले. न्यू जर्सीने २०१८ च्या स्वच्छ ऊर्जा कायद्यात ही तरतूद केली आणि २०१९ पासून प्रायोगिक टप्पा सुरू केला. पहिल्या वर्षी ४५ प्रकल्प मंजूर झाले, दुसऱ्या फेरीत, ऑक्टोबर २०२१ मध्ये, आणखी १०५. कायमस्वरूपी कार्यक्रम २०२३ मध्ये आला आणि त्यात वर्गणीदाराला क्रेडिटवर किमान १५ टक्के सूट देणे बंधनकारक झाले. आमचे राज्य आकाराने लहान, दाट वस्तीचे आणि जमिनीच्या बाबतीत महागडे आहे. त्यामुळे इथे शेतजमिनीऐवजी गोदामांची छपरे, वाहनतळांवरचे मांडव आणि बंद पडलेल्या कचराभूमी यांना पसंती दिली गेली, हा निर्णय मला फार शहाणपणाचा वाटतो. पिकाऊ जमीन झाकून सौर वीज तयार करण्यापेक्षा ज्या छपरांवर पावसाव्यतिरिक्त काहीच पडत नव्हते ती वापरात आणणे केव्हाही चांगले. नूअर्क विमानतळावर दक्षिणेकडून उतरताना खिडकीतून खाली पाहिले, की कार्टरेट आणि लिंडनच्या परिसरातली ही निळसर-काळी छपरे ओळीने दिसतात. रस्त्यावरून मात्र त्यांतले एकही पॅनल दिसत नाही. मी एकदा मुद्दाम आमच्या गोदामापर्यंत गाडी घेऊन गेले होते. उंच करड्या भिंती आणि मालवाहू ट्रकांची रांग एवढेच पाहून परत आले.

या राज्यातला एक नियम इथे सांगायला हवा. प्रकल्प आणि ग्राहक एकाच वितरण कंपनीच्या हद्दीत असावे लागतात. न्यू जर्सीत पीएसई अँड जी, जेसीपी अँड एल, अटलांटिक सिटी इलेक्ट्रिक आणि रॉकलंड इलेक्ट्रिक अशा चार मोठ्या खासगी वितरण कंपन्या आहेत. एडिसनच्या एका भागात एक कंपनी आणि दुसऱ्या भागात दुसरी, अशी परिस्थिती असल्यामुळे शेजारच्या गल्लीतल्या मैत्रिणीने घेतलेला वाटा तुम्हाला मिळेलच असे नाही. शिवाय प्रत्येक प्रकल्पाच्या क्षमतेपैकी किमान ५१ टक्के वाटा अल्प आणि मध्यम उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी राखलेला असतो. म्हणून अर्ज करताना उत्पन्नाविषयी विचारणा होते. ही विचारणा पाहून आमच्या ओळखीचे एक कुटुंब घाबरून मागे फिरले. वास्तविक त्यात घाबरण्यासारखे काही नाही. ज्यांना स्वतःचे छप्परच परवडत नाही, त्यांच्यापर्यंत सौर विजेचा लाभ पोहोचावा हाच या योजनेचा गाभा आहे आणि तो मला सर्वांत मोलाचा वाटतो.

आता हिशेब. आमचा वर्षाचा वापर सुमारे ५,४०० युनिटांचा आहे. घर गॅसवर गरम होते, त्यामुळे हिवाळ्यात विजेचा वापर बेताचा असतो. जुलै आणि ऑगस्टमध्ये वातानुकूलन यंत्रे चालतात तेव्हा तो महिन्याला ७५० युनिटांच्या पुढे जातो. न्यू जर्सीच्या हवामानात एक किलोवॉट पॅनलपासून वर्षाला साधारण १,२०० युनिटे मिळतात, म्हणून आमच्या चार किलोवॉटच्या वाट्यातून ४,८०० युनिटे अपेक्षित होती आणि जवळपास तेवढीच मिळाली. त्यांचे एकूण क्रेडिट ८२० डॉलर झाले. कंपनीला आम्ही त्याच्या ८५ टक्के, म्हणजे ६९७ डॉलर दिले. वर्षभराची शुद्ध बचत १२३ डॉलर.

हा आकडा पाहून कोणी निराश होईल, कोणी समाधानी. माझे मत पुढे येईलच, पण त्याआधी त्यातली एक गोष्ट नीट पाहिली पाहिजे. विक्रेते सर्रास ‘विजेच्या बिलात १५ टक्के बचत’ असे सांगतात. आमचे वर्षाचे बिल या योजनेशिवाय सुमारे १,०७० डॉलर झाले असते, म्हणजे प्रत्यक्षातली बचत साडेअकरा टक्क्यांच्या आसपास आली. कारण सूट बिलावर नसते, क्रेडिटवर असते. क्रेडिट मोजताना पुरवठा आणि वितरण यांचे दर धरले जातात, परंतु सार्वजनिक हिताच्या कार्यक्रमांसाठी सर्व ग्राहकांकडून घेतले जाणारे काही आकार आणि दरमहाचा स्थिर आकार वगळला जातो. त्यामुळे एका युनिटाचे क्रेडिट हे एका युनिटाच्या पूर्ण किमतीपेक्षा थोडे कमी भरते. शिवाय आमचा वाटा वापराच्या नव्वद टक्क्यांहून थोडा कमीच आहे. ही वजाबाकी न सांगणे म्हणजे खोटे बोलणे नव्हे, पण ग्राहकाला अर्धवट माहिती देणे नक्कीच आहे आणि नेमक्या याच कारणाने दुसऱ्या वर्षी अनेकांचा विश्वास उडतो.

माझ्या मते या योजनेतला सर्वांत अवघड भाग पैशांचा नसून महिन्यांचा आहे. एप्रिलमध्ये ऊन लांबलेले असते, हवा थंड असते आणि थंड हवेत पॅनल अधिक चांगले काम करतात. त्या महिन्यात आमच्या वाट्याला ४८० युनिटे आली आणि त्यांचे ८१ डॉलर ६० सेंट क्रेडिट मे महिन्याच्या बिलात जमा झाले. त्या बिलात आमचा वापर होता केवळ २९० युनिटांचा आणि बिल ५६ डॉलरांचे. म्हणजे वीज कंपनीला आम्हाला काहीच द्यावे लागले नाही, उलट पंचवीस डॉलरांहून अधिक रक्कम पुढच्या महिन्यासाठी शिल्लक राहिली. पण सौर कंपनीचे बिल आले ६९ डॉलर ३६ सेंटांचे. घरात जेवढ्याची वीज वापरली त्यापेक्षा तेरा डॉलर अधिक त्या महिन्यात हातातून गेले. माझ्या यजमानांनी ते बिल टेबलावर ठेवून ‘हे काय बचतीचे लक्षण आहे का?’ असे विचारले, तेव्हा मलाही क्षणभर आपण फसलो असे वाटले. प्रत्यक्षात तोटा झालेला नव्हता. शिल्लक राहिलेली रक्कम जुलै आणि ऑगस्टच्या जड बिलांत वापरली गेली आणि त्या दोन महिन्यांत हातातून जाणारी रक्कम ठळकपणे कमी झाली. परंतु ज्या कुटुंबाचे महिन्याचे अंदाजपत्रक काटेकोर आहे, त्याच्यासाठी वसंत ऋतूतले हे दोन-तीन महिने खरोखर ताणाचे ठरू शकतात, आणि ही योजना नेमकी अशाच कुटुंबांसाठी राखलेली असल्यामुळे विक्रेत्यांनी हा मुद्दा सहीच्या आधी सांगितला पाहिजे. आम्हाला तो कोणीही सांगितला नव्हता.

त्यात भर म्हणजे आमचा प्रकल्प प्रायोगिक टप्प्यातला असल्यामुळे दोन वेगळी बिले येतात, एक वितरण कंपनीचे आणि दुसरे सौर कंपनीचे, आणि त्यांच्या तारखा जुळत नाहीत. एकदा सौर कंपनीने ज्या क्रेडिटचे बिल पाठवले ते क्रेडिट आमच्या वीज बिलात दिसायला आणखी एक महिना लागला. दोन्ही बिले शेजारी ठेवून, कोणत्या महिन्याची युनिटे कोणत्या बिलात आली हे मी एका वहीत लिहू लागले, तेव्हा कुठे गोंधळ संपला. नव्या, कायमस्वरूपी कार्यक्रमात एकत्रित बिलाची तरतूद आहे. त्यात सौर कंपनीचे देणे वीज बिलातच लागते आणि सवलतीची निव्वळ रक्कम एका ठिकाणी दिसते. आज नव्याने वाटा घेणाऱ्याने एकत्रित बिल मिळणार असेल तोच प्रकल्प निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. दोन बिलांचा हिशेब ठेवण्याची सवड आणि चिकाटी प्रत्येकाकडे नसते आणि ती नसणे हा काही दोष नाही.

वाट्याचा आकार किती असावा हा यानंतरचा महत्त्वाचा प्रश्न. नियमाप्रमाणे वाटा आपल्या मागील वार्षिक वापरापेक्षा मोठा असू शकत नाही, परंतु ‘मागील वर्ष’ हेच कधी कधी दिशाभूल करते. आमच्याआधी माझ्या एका मैत्रिणीने वाटा घेतला, त्या वर्षी तिचे सासू-सासरे सहा महिने तिच्याकडे राहिले होते आणि घरात दिवसभर वीज चालू होती. पुढच्या वर्षी ते नागपूरला परतले, वापर उतरला, पण वाटा तेवढाच राहिला. वर्ष संपताना जे क्रेडिट वापरले गेले नाही त्याची भरपाई पूर्ण दराने होत नाही. ती घाऊक बाजारातील विजेच्या किमतीच्या जवळपास, म्हणजे अगदी थोडी होते. सौर कंपनीला मात्र तिने त्या क्रेडिटचे ८५ टक्के आधीच दिलेले होते. त्या युनिटांवर तिचा सरळ तोटा झाला. म्हणून माझा सल्ला असा, की वाटा वापराच्या ८० ते ९० टक्क्यांवरच थांबवावा, आणि वार्षिक हिशेब कोणत्या महिन्यात बंद होतो हे आधी विचारून घ्यावे. तो वसंत ऋतूच्या शेवटी बंद होत असेल तर उन्हाळ्यासाठी साठवलेले क्रेडिट ऐन गरजेच्या वेळी हातचे जाऊ शकते. हिवाळ्याच्या अखेरीस बंद होत असेल तर शिल्लक तशीही संपलेली असते.

विक्रीच्या पद्धतीविषयी मला स्पष्ट तक्रार नोंदवायची आहे. आम्ही पहिली सही फेब्रुवारी २०२३ मध्ये केली होती, आज ज्या कंपनीकडे आहोत तिच्याकडे नव्हे, दुसऱ्याच एका कंपनीकडे. किराणा दुकानाच्या बाहेर टेबल मांडून बसलेल्या तरुणाने वीज बिलाचा फोटो घेतला, टॅबलेटवर बोटाने सही करून घेतली आणि ‘पुढच्या दोन-तीन महिन्यांत बचत सुरू होईल’ असे सांगितले. प्रकल्प त्या वेळी बांधलाच गेलेला नव्हता. सात महिने काहीच घडले नाही, चौकशीच्या ईमेलना ठरावीक उत्तरे येत राहिली आणि शेवटी प्रकल्प पुढे ढकलल्याचे कळले. आमचे पैसे गेले नव्हते, पण त्या काळात आमचे नाव त्यांच्या यादीत अडकून राहिल्यामुळे दुसरीकडे अर्ज करता येईल की नाही हेसुद्धा कोणी नीट सांगेना. अखेर लेखी रद्दीकरण मागून घेतल्यावर आम्ही सध्याच्या कंपनीकडे गेलो. तिथे मी पहिला प्रश्न हाच विचारला, की प्रकल्प सुरू झालेला आहे का आणि त्याला वितरण कंपनीची जोडणी मिळाली आहे का. उत्तर ‘हो’ असे लेखी मिळाल्यानंतरच सही केली. चार महिन्यांत पहिले क्रेडिट दिसले.

सध्याच्या करारात सोडून जाण्यासाठी शुल्क नाही, मात्र साठ दिवसांची पूर्वसूचना द्यावी लागते आणि त्या काळात जमा होणाऱ्या क्रेडिटचे देणे चुकत नाही. आपण ज्या वितरण कंपनीच्या हद्दीत आहोत तिथेच घर बदलले, तर वाटा नव्या पत्त्यावर नेता येतो. भाडेकरूंसाठी ही सोय फार महत्त्वाची आहे. घराच्या छपरावर बसवलेले पॅनल घर विकताना नव्या मालकाच्या गळ्यात बांधावे लागतात, कर्ज वा भाडेकरार असेल तर व्यवहार अडतो. इथे तो प्रश्न उद्भवत नाही.

आता २०२५ च्या उन्हाळ्याविषयी, कारण त्याने मला या योजनेची मर्यादा नेमकी दाखवली. आमचे राज्य पीजेएम या तेरा राज्ये आणि राजधानीचा प्रदेश सांभाळणाऱ्या प्रादेशिक वीज जाळ्याचा भाग आहे. जुलै २०२४ मध्ये झालेल्या तिथल्या क्षमता लिलावात, म्हणजे गरजेच्या वेळी वीज देण्याची तयारी ठेवण्यासाठी वीजकेंद्रांना मिळणारा मोबदला ज्यात ठरतो त्या लिलावात, जून २०२५ पासून सुरू होणाऱ्या वर्षासाठीचा दर एका मेगावॉटला दिवसाला २८.९२ डॉलरवरून २६९.९२ डॉलरवर गेला. मागणी वाढत होती, त्यात माहितीकेंद्रांचा (डेटा सेंटरांचा) वाटा मोठा होता, आणि जुनी वीजकेंद्रे बंद होत असताना नवी तितक्या वेगाने जोडली जात नव्हती. परिणामी १ जून २०२५ पासून न्यू जर्सीतील घरगुती वीज बिले सुमारे १७ ते २० टक्क्यांनी वाढली. आमच्या वाट्याची युनिटे तेवढीच राहिली, पण दर वाढल्यामुळे प्रत्येक युनिटाचे क्रेडिट वाढले आणि त्याबरोबर आमची १५ टक्क्यांची बचतही डॉलरांत थोडी वाढली. कंपनीने लगेच ‘आपली बचत वाढली आहे’ असा संदेश पाठवला. तो खरा होता, पण त्याच क्रेडिटचे ८५ टक्के आम्ही कंपनीला देत असल्यामुळे आमचे देणेसुद्धा वाढले. तात्पर्य एवढेच, की दरवाढीपासून या योजनेत संरक्षण मिळत नाही. सूट टक्केवारीत आहे, ती दराबरोबर वर-खाली होते.

ब्रिजवॉटरला राहणाऱ्या माझ्या मावसभावाच्या छपरावर स्वतःचे सात किलोवॉटचे पॅनल आहेत. त्याच्या विजेची किंमत पॅनल घेतले त्या दिवशीच ठरून गेली. दर वाढला तसा त्याचा फायदा वाढत गेला, कारण तो त्यातला वाटा कोणाला देत नाही. आमच्याहून त्याची बचत कितीतरी पट अधिक आहे. पण त्याने त्यासाठी घर घेतले, छपराची दुरुस्ती केली, कर्ज काढले आणि खर्चाच्या ३० टक्के संघीय करसवलत मिळवली. ती सवलत घरमालकांसाठी २०२५ च्या अखेरीस बंद झाली. त्याच्यासारखे दक्षिणेकडे उतरते, सावली नसलेले छप्पर ज्यांच्याकडे आहे आणि दहा-पंधरा वर्षे त्याच घरात राहण्याचा ज्यांचा विचार आहे, त्यांनी कम्युनिटी सोलरऐवजी स्वतःच्या छपराचाच विचार करावा, असे मी प्रामाणिकपणे सांगेन. ज्यांच्याकडे असे छप्पर नाही त्यांची तुलना त्याच्याशी करणे योग्य नाही. त्यांची तुलना काहीच न करण्याशी करायला हवी.

पर्यावरणाच्या दृष्टीने मी जे शिकले तेही सांगणे आवश्यक आहे, कारण आमच्या मुलीने शाळेतल्या प्रकल्पात ‘आमचे घर सौर विजेवर चालते’ असे लिहिले आणि मला तिला ते वाक्य बदलायला सांगावे लागले. न्यू जर्सीत सौर प्रकल्पाला प्रत्येक मेगावॉट-तासामागे एक प्रमाणपत्र मिळते आणि त्यावर पंधरा वर्षे ठरावीक मोबदला मिळतो. ‘ही वीज सौर आहे’ असे सांगण्याचा हक्क त्या प्रमाणपत्राबरोबर जातो, आणि प्रमाणपत्रे आमच्याकडे नसून प्रकल्पाकडे असतात. त्यामुळे काटेकोर भाषेत आम्ही सौर वीज वापरतो असे म्हणता येत नाही. एक सौर प्रकल्प उभा राहण्यास आणि चालू राहण्यास वर्गणीदार म्हणून हातभार लावतो, असे म्हणता येते. मुलीने तसेच लिहिले. मला हे दुसरे वाक्यच अधिक आवडते.

पुण्याला कोथरूडमध्ये माझे आई-वडील चार मजली इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहतात. आमच्या बिलाचा हिशेब मी बाबांना दूरध्वनीवर सांगितला, तेव्हा त्यांनी लगेच विचारले, ‘मग आमच्या गच्चीचे काय?’ गच्ची सोसायटीची आहे, वीस सदनिकांची मिळून एक. पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिच्यात स्वतंत्र घराला तीन किलोवॉटसाठी ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान आहे, तर सोसायटीला सामायिक सोयींसाठी किलोवॉटमागे १८,००० रुपये. सामायिक सोयी म्हणजे लिफ्ट, पाण्याचा पंप, जिन्यातले आणि वाहनतळावरचे दिवे. त्या बिलाचा भार उतरला की देखभाल खर्च कमी होतो, हे खरेच, पण बाबांच्या स्वतःच्या मीटरवरचे बिल तेवढेच राहते. एकाच सामायिक प्रकल्पाची वीज अनेक मीटरांच्या बिलांतून वळती करण्याच्या पद्धतीला भारतात आभासी नेट मीटरिंग म्हणतात. दिल्लीच्या वीज नियामक आयोगाने त्यासाठी २०१९ मध्येच मार्गदर्शक तत्त्वे काढली. पुण्यात तर वर्षाचे ऊन न्यू जर्सीपेक्षा अधिक आहे आणि सदनिकांत राहणारी कुटुंबे लाखोंच्या संख्येने आहेत. आमच्या पिढीतल्या कित्येकांचे आई-वडील तिथे वयाच्या सत्तरीत निवृत्तिवेतनावर विजेची बिले भरत आहेत. एका गच्चीवरची वीज वीस मीटरांत वाटण्याची सोय सामान्य सोसायटीला सहज, एका अर्जात मिळाली, तर तिचा लाभ कोणत्याही गोदामावरच्या प्रकल्पापेक्षा अधिक आपुलकीचा असेल. बाबांनी सोसायटीच्या पुढच्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेत हा विषय घालायला सांगितले आहे.

आमच्यापुरते सांगायचे, तर वर्षाला १२३ डॉलर ही रक्कम मोठी नाही. पण ती कोणतीही गुंतवणूक न करता, कोणतीही जोखीम न घेता आणि भाड्याच्या घरात राहून मिळाली. त्यासाठी खर्च झाला तो वर्षातून पाच-सहा तासांचा, तोही दोन बिलांमुळे. एकत्रित बिलाच्या प्रकल्पात तेवढाही होणार नाही. म्हणून मी या सेवेला पाचपैकी चार गुण देते. एक गुण मी विक्रीच्या वेळी न सांगितलेल्या गोष्टींसाठी कापला आहे: सूट बिलावर नसून क्रेडिटवर आहे, वसंत ऋतूत देणे बिलाहून मोठे होते आणि प्रकल्प सुरू नसताना सही घेतली जाते. या तीन ओळी करारातल्या बारीक अक्षरांत आहेतच. त्या पहिल्या पानावर, इंग्रजी न वाचणाऱ्या सासू-सासऱ्यांनाही समजतील अशा शब्दांत आणि मोठ्या अक्षरांत यायला हव्यात.

गेल्या महिन्यात आमचे जुने वातानुकूलन यंत्र बदलले. नवे यंत्र पुष्कळ कमी वीज घेते, त्यामुळे येत्या वर्षाचा वापर पाच हजार युनिटांच्या आत राहील असा माझा अंदाज आहे. म्हणून मी कंपनीला लिहून वाटा चार किलोवॉटवरून साडेतीनवर आणण्याची विनंती केली. दोन बिलांनंतर बदल लागू होईल असे उत्तर आले आहे; वहीतल्या नव्या पानावर मी ती तारीख लिहून ठेवली आहे.